सुताच्या लडींखालचा अजगर

राजव्वाअक्का गेली हे तिच्या मुलानं, श्रीनिवासनं, फोनवर सांगितलं तेव्हा मी रायपुरात मेथी निवडत बसलो होतो. "आईला त्रास फार झाला न्हाय, मामा," तो म्हणाला. मी नुसतं "बरं" म्हणालो आणि कितीतरी वेळ पानं टाकून देठंच पातेल्यात भरत राहिलो... त्याला महिना होऊन गेला. सातवीत शाळा सोडलेल्या माणसाला लिहिण्याचा सराव नसतो, चुकेल याची धास्तीच जास्त. पण इकडे तिला ओळखणारं कुणीच नाही. सांगू तरी कुणाला?

सत्तर सालानंतरची ती वर्षं. मी मूळचा कोकणातला, एका फिरत्या सर्कशीत जनावरं सांभाळायचो. सोलापूरचा मुक्काम संपत आला आणि आमच्या आखूड शेपटीच्या अजगरानं चार महिने तोंडात काही घेतलेलं नव्हतं. मलायातलं जनावर ते, मांडीएवढं जाड, विटकरी रंगाचं, आणि एवढ्या देहाला शेपूट म्हणाल तर वीतभर. तंबू उतरवताना मॅनेजर म्हणाला, "आम्ही विजापूरला आहोत. खाल्लं तर घेऊन ये. मेलं तर तूही येऊ नकोस." गावी आई एकटी होती, माझ्यावरच अवलंबून. दुसरं काम मला येत नव्हतं. हातगाडीवर पेटी घालून मी विणकरांच्या गल्लीत सावली मागत हिंडलो. अजगर म्हटलं की दार बंद. राजव्वा तेवढी उंबऱ्यात उभी राहिली. नवरा वारलेला, पदरी लहान श्रीनिवास, घरात दोन हातमाग आणि त्यातला एक बंद.

"चावतंय का?"

"खातच नाही, चावणार कुठलं?"

"मग ठेव की हितं," ती हसली. "नुसतं बसून ऱ्हाणारं पावणं मला नवीन न्हाय."

बंद मागाच्या खोलीत जमीन सदा ओली असायची. सोलापूरच्या कोरड्या हवेत सूत तटातट तुटतं, म्हणून विणकर भुईवर पाणी शिंपडतात. माझा अजगर ओल्या जंगलातला, आणि मी त्याला चार महिने तापल्या पत्र्याखाली ठेवलेला! ही चूक मला तिच्या घरात कळली. दुसरी मात्र तिनं दाखवली. मी दर तासाला झाकण उघडायचो, उंदीर नाकापुढे नाचवायचो, हात लावून श्वास बघायचो. दोन दिवस तिनं पाहिलं, मग भडकली. "अरे कोकण्या, जेवणाऱ्याच्या तोंडाकडं असं टक लावून बघतंय का कोण? नव्या सुनेच्या घशाखाली तरी उतरंल का घास?" आणि पेटीवर ओलं गोणपाट टाकून तिनं वर रंगीत सुताच्या लडी रचल्या, मला झाकण उघडताच येऊ नये म्हणून. "सात दिवस. लड हलली तर तू भाईर, अजगर आत."

ते सात दिवस मला जेवण गेलं नाही. तिनं तेही ओळखलं होतं. ज्वारीची भाकरी आणि आंबाडीची भाजी पुढ्यात ठेवायची आणि काहीतरी निमित्त काढून निघून जायची. आठव्या दिवशी दुपारी माग बंद ठेवून तिनं लडी उतरवल्या. मी ताजा मारलेला उंदीर आत ठेवला, झाकण लावलं आणि तिनं मला ओढतच बाहेर नेलं. संध्याकाळी पाहिलं... उंदीर नव्हता, अजगराच्या पोटाला फुगवटा होता. मी उंबऱ्यावर बसून रडलो. "व्हय, आता रडून पेटी आणिक ओली कर," ती म्हणाली. विजापूरला मी पेटीसह पोचलो. पुढे इकडे प्राणिसंग्रहालयात लागलो, आईचं शेवटपर्यंत नीट झालं. हे सगळं त्या ओल्या खोलीतून.

अक्का जायच्या थोडे दिवस आधी भेटायला गेलो तर ती अंथरुणावर मूठभर झालेली. जेवण सुटलेलं. सून बिचारी चमचा घेऊन सासूसमोर बसली होती, "एकच घास, अत्ती, एकच," म्हणत. मी सुनेला खूण केली. वाटी उशाशी ठेवली, दार ओढून घेतलं आणि आम्ही अंगणात येऊन बसलो. अर्ध्या तासानं मला राहवेना. आत गेलो. वाटी जशीच्या तशी. अक्का डोळे मिटूनच हसली.

"अजगराला सात दिवस दिलेस की रे. मला अर्धा तास?"

माझी गाडी त्याच संध्याकाळची होती.