बोलक्या डब्यातली हाक

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं धड काम म्हणजे चकलीची भाजणी दळणं. बिबवेवाडीत माझी पिठाची गिरणी होती. भाजायचं शालननं, दळायचं मी, ही आमची लग्नापासूनची वाटणी. ती चिमटीत पीठ घेऊन बघायची आणि ओरडायची, "अहो, जाडं येतंय!" गिरणीच्या घरघरीतही तिची हाक मला बरोबर ऐकू यायची. त्या दिवशी "अहो" नीट आलं, पण पुढचं बोलणं तोंडातच लोळलं. तिचं तिलाच हसू आलं. म्हणाली, तोंड आलंय वाटतं.

तोंड आलं नव्हतं.

दाताचा डॉक्टर झाला, घशाचा झाला. पाणी पितानाही ठसका लागायला लागला. शेवटी मेंदूच्या डॉक्टरांनी ईएमजी केली. त्यात सुया टोचून स्नायूंचं काम कसं चाललंय ते बघतात. रिपोर्ट वाचून ते म्हणाले, "मोटर न्यूरॉन डिसीज. स्नायूंना हुकूम देणाऱ्या नसा मरत जातात. यांचं आधी बोलणं जाईल, मग हातपाय, मग श्वास. समज मात्र राहील."

मी विचारलं, औषध? "आहे. बरं करणारं नाही."

सरळ बोलले, त्याचा मला राग नाही. राग वेगळ्याच गोष्टीचा आहे. आवाज जाणार हे त्यांना ठाऊक होतं. आवाज आहे तोवर तो भरून ठेवता येतो, हे कुणीच सांगितलं नाही. मी चौथी शिकलेला माणूस लिहायला बसलोय ते एवढ्यासाठीच. तुमच्या घरात या आजाराचं नाव निघालं, तर त्याच दिवशी मोबाईल काढा आणि माणसाचं बोलणं भरून ठेवा. रडायला नंतर पुष्कळ वेळ मिळतो.

वर्षाच्या आत शालनची वाचा गेली. अपंगाचा दाखला काढला आणि साधनं वाटायच्या शिबिराला गेलो. तिथे तीनचाकी सायकली होत्या, कुबड्या होत्या, काठ्या होत्या. बोलता येत नाही म्हटल्यावर टेबलावरच्या माणसानं हिच्या हातात कानाचं मशीन ठेवलं.

मी म्हटलं, "साहेब, हिला ऐकू येतं. तुम्ही आत्ता माझ्याबद्दल पुटपुटलात, तेसुद्धा आलंय."

"आजोबा, न बोलणाऱ्यांसाठी आमच्याकडे काही नाही. हे घ्या, नाहीतर मोकळ्या हातानं जा."

पाहुण्यांबरोबर फोटो तेवढा काढून घेतला आमचा. मशीन टेबलावर ठेवून घरी आलो.

शालनला सहीपुरतंच लिहिता यायचं, त्यामुळे पाटी-पेन्सिलीचा उपयोग नव्हता. मग एका मोठ्या हॉस्पिटलात स्पीच थेरपिस्ट बाई भेटल्या. बोलण्याच्या, गिळण्याच्या अडचणींवर त्या काम करतात. त्यांनी एक डबा दिला. मोठाली बटणं, प्रत्येकावर चित्र. बटण दाबलं की आधी भरून ठेवलेलं वाक्य डबा बोलतो. लहान पोरांच्या खेळण्यात याहून जास्त सामान असतं. पण अख्ख्या विभागात तो एकच होता.

बाई म्हणाल्या, "काका, काम झालं की परत आणा. रांग आहे."

काम झालं म्हणजे काय, ते आम्हा तिघांनाही कळलं. आमच्या आधी तो कुणाकडे होता, हे मी विचारलं नाही.

बाहेर बाकावर खडकीचं एक जोडपं बसलं होतं. बाईच्या गळ्यात पाटी होती, पण बोटांत पेन्सिल ठरत नव्हती. नवरा अंदाज करत होता. "पाणी? पंखा? घरी जायचं?" ती मान हलवून हलवून थकली होती. त्यांचा नंबर आमच्या मागचा.

डब्यात आवाज भरला शालनच्या धाकट्या बहिणीनं, कुसुमनं. दोघींचा आवाज इतका सारखा की फोनवर मी नेहमी फसायचो. पाणी, दुखतंय, कुशीवर वळवा, सगळं भरलं. मला बोलवायच्या बटणावर बाईंनी माझं नाव भरून घेतलं, दत्तात्रय. शालन ते बटण दाबेचना. त्यापेक्षा ताटलीवर चमचा आपटायची. बाईंना वाटलं, हात पोचत नसेल. त्यांनी डबा जवळ सरकवला. तरी नाही.

शेवटी मी म्हटलं, "बाई, लग्नातल्या उखाण्यानंतर हिनं माझं नाव घेतलेलं नाही. आता तुमच्या डब्याकडून घेववणार होय?"

बाई हसल्या. "मग 'अहो' भरू."

कुसुम लाजली. "दाजी, आमच्या ह्यांना इतक्या गोडीनं हाक मारली तर ते घाबरून दवाखान्यात जातील." पण भरलं तिनं.

घरी आल्याबरोबर शालननं बटणावर मूठ आपटली. "अहो!" काय गं म्हणून गेलो, तर काही नाही. परत स्वयंपाकघरात आलो, परत "अहो!" दिवसभर पळवलं मला. मीही पळालो.

पुढे मूठ वळेना, तेव्हा ती कोपरानं दाबायची. मग बायपॅप आलं, म्हणजे तोंडावर मास्क लावून छातीत हवा ढकलणारं मशीन. डॉक्टर म्हणाले, "आता घरीच असू द्या." एके दिवशी तिचं कोपर बटणावर होतं आणि डबा गप्प. दाबायलाच जोर नव्हता. मी म्हटलं, "अगं, इथेच बसलोय. हाक कशाला मारतेस?" तिनं डोळे मिटले. दुसऱ्या दिवशी सकाळी गेली. दुपारी सगळं उरकलं.

त्याच्या पुढच्या सकाळी मी डबा ओल्या फडक्यानं पुसला, पिशवीत घातला आणि चपला घातल्या. कुसुम दारात आडवी आली. "दाजी, अजून राख सावडायचीय. सुतकात कुठे निघालात?"

"सुतक मला आहे. त्या खडकीच्या बाईला नाही."

बस धरून हॉस्पिटलात गेलो. बाईंनी फोन केला तशी ती दोघं रिक्षानं आली. बाई म्हणाल्या, आधीचं पुसून टाकते. मी म्हटलं, "बाकीचं पुसा. ते 'अहो' चालतंय का, त्यांना विचारा."

नवरा म्हणाला, "आमच्यातही तेच की."

बाईंनी डबा तिच्या मांडीवर ठेवला. तिनं वाकड्या बोटांनी बटण शोधलं आणि दाबलं.

"अहो!"

बाकावरून आम्ही दोघंही उठलो.