गॅसचा धडा शेवटी

कामकरी लोकांसाठी संध्याकाळी भरणाऱ्या त्या कॉलेजात फ्रीज-एसी दुरुस्तीचा एक वर्ग होता. तो शिकवणाऱ्या सरांना विद्यार्थी पाठीमागे ‘कॉम्प्रेसर’ म्हणायचे. सर काम करताना सतत पुटपुटायचे, बारीक घरघर चालूच असायची, आणि कोणी बावळटासारखा प्रश्न विचारला की एक झटका देऊन बंद पडायचे. मग त्यांच्या वाटेला कोणी जायचं नाही. थोड्या वेळाने आपोआप चालू व्हायचे. हे नाव सरांच्या कानावर आलं होतं आणि खरं सांगायचं तर त्यांना ते आवडलंही होतं.

वर्ग म्हणजे इमारतीच्या मागच्या अंगाला असलेली लांबट खोली. भिंतीला टेकून दारं काढलेले फ्रीज, मधोमध टेबल, त्यावर तांब्याच्या नळ्यांचे तुकडे, आणि सगळीकडे जळक्या तेलाचा वास. विद्यार्थी दिवसभर कुठे ना कुठे राबून यायचे. कोणी माल पोचवणारा, कोणी हॉटेलात भांडी घासणारा. एक रखवालदार होता, तो इथून थेट पाळीवर जायचा आणि झोप वर्गातच काढून घ्यायचा. सर त्याला उठवत नसत. झोपायला का होईना, येतो ना, म्हणायचे.

अभ्यासक्रम दोन वर्षांचा आणि गॅस भरायचा धडा पहिल्या वर्षाच्या मध्यावर. सगळा घोळ तिथेच होता. या धंद्यात गॅस भरता आला की माणूस कमवायला लागतो. गळती कशी शोधायची, नळीत ओल का राहू द्यायची नाही, त्याच फ्रीजचा गॅस पुन्हा पुन्हा का जातो, हे शिकायला पुढचं दीड वर्ष लागतं, आणि ते शिकायची गरज आहे हे कळायला त्याहून जास्त. त्यामुळे गॅसचा धडा झाला की वर्ग ओसरायचा. आज हा नाही, उद्या तो नाही. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी परीक्षेच्या खोलीत सर आणि एखादा चुकलामाकला विद्यार्थी उरायचा.

प्राचार्य बाईंनी एक दिवस सरांना बोलावून घेतलं.

“सर, तुमचे विद्यार्थी जातात कुठे?”

“कामाला जातात, मॅडम. शिकतात आणि जातात.”

“वरून नियम आलाय. नाव घातलेल्यांपैकी निम्मे तरी शेवटची परीक्षा देत नसतील तर तो वर्ग बंद. ही नवीन तुकडी बघणार आणि ठरवणार. तुम्ही मनापासून शिकवता, मला माहीत आहे. पण पूर्ण किती जणांनी केलं एवढंच वर विचारतात. शिकले किती, ते कोणी विचारत नाही.”

वर्ग बंद म्हणजे पुन्हा खांद्याला पिशवी अडकवून लोकांचे जिने चढायचे, आणि गुडघ्यांनी त्या कामाचा राजीनामा केव्हाच दिला होता. पण गुडघ्यांचं एक वेळ निभावलं असतं. त्या तेलकट खोलीत सरांचा जीव होता. तिथे कोणीतरी पहिल्यांदा नळीचा जोड नीट मारला की सर दिवसभर खूश असायचे, घरी जाऊन बायकोला सांगायचे, आणि ती बिचारी दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखं ऐकायची.

सरांनी डोकं लढवलं आणि त्यांना वाटलं, सापडलं! गॅसचा धडा उचलायचा आणि दुसऱ्या वर्षाच्या अगदी शेवटच्या महिन्यात नेऊन ठेवायचा. ज्याला गॅस पाहिजे तो थांबेल झक मारून. त्यांनी ही अक्कल घरी मोठ्या ऐटीत सांगितली. बायको नर्स होती, कामावरून येऊन पाय वर करून बसली होती.

“अहो,” ती म्हणाली, “तुमचा उस्ताद तुम्हाला गॅस भरायच्या वेळी चहा आणायला पिटाळायचा ना? त्याच्या नावाने अजून बोटं मोडता. मग हे काय निराळं आहे?”

“तो लपवायचा. मी फक्त उशिरा शिकवणार आहे.”

“बरं बाई,” ती म्हणाली. नवऱ्याशी वाद घालायचा नसला की ती नवऱ्यालाच बाई म्हणायची.

उस्तादाचं खरं होतं. पंधरा-सोळाव्या वर्षी सर त्याच्या हाताखाली लागले, नळ्या घासल्या, फ्रीज पाठीवर वाहिले, पण सिलिंडर बाहेर निघाला की हुकूम यायचा, जा, चहा घेऊन ये. परत येईपर्यंत काम झालेलं असायचं. हाताखालच्याला शेवटची चावी दिली की तो उद्या समोर दुकान टाकतो, असा त्या पिढीचा हिशेब. सरांनी कॉलेजात शिकवायचं पत्करलं तेच मुळी, आपण कोणाला चहाला पाठवणार नाही, या जिद्दीने. पण माणूस स्वतःला सोयीचं तेवढं विसरतो, आणि सरही माणूसच होते.

नव्या तुकडीत वहिनी होत्या. त्या आल्या होत्या दिराबरोबर. दोघांचं मिळून जुने फ्रीज विकत घ्यायचे, दुरुस्त करून विकायचे, असं छोटं दुकान होतं. दीर त्यांना वहिनी म्हणायचा म्हणून सगळा वर्गच म्हणायला लागला, त्यांच्याहून वयाने मोठा असलेला रखवालदारसुद्धा. थोड्याच दिवसांत दिराला जहाजावर नोकरी लागली आणि तो गेला. वहिनी राहिल्या, दुकान त्यांच्या गळ्यात पडलं. फ्रीज उघडणं, साफ करणं, वायरी बदलणं सगळं त्यांना यायचं. गॅस तेवढा दीर भरायचा. आता त्यासाठी बाहेरचा मेकॅनिक बोलवावा लागे, आणि तो आज येतो सांगून परवा उगवायचा.

“सर, गॅस कधी?” वहिनी दर आठवड्याला विचारायच्या.

“शेवटी,” सर म्हणायचे आणि पुटपुटत दुसऱ्या टेबलाकडे वळायचे.

सुरुवातीला सरांची युक्ती चालली. वर्ग भरलेला दिसायचा. मग हळूहळू लोक खिडकीबाहेर बघायला लागले, टेबलाखाली मोबाईल निघाले. हातात काही पडत नसेल तर दमलेला माणूस किती दिवस येणार? आधी निदान शिकून जायचे, आता न शिकताच जायला लागले. माल पोचवणारा गेला, भांडी घासणारा गेला. सर त्यांच्यावरच चिडत राहिले. आजकाल कोणाला दम नाही, म्हणाले. दम आपणच काढतोय हे काही त्यांच्या लक्षात येईना.

दुसरं वर्ष अर्धं सरलं आणि वहिनी यायच्या बंद झाल्या. एक आठवडा गेला, दुसरा गेला. येत नाही त्याची चौकशी करायची सरांना सवय नव्हती. आपण होऊन गेला त्याच्या मागे काय लागायचं, असा त्यांचा ताठा. पण वहिनींचा प्रश्न कानाला इतका सवयीचा झाला होता की तो येईना तेव्हा त्यांना चैन पडेना. एका सुट्टीच्या दिवशी सकाळी ते दुकान शोधत गेले.

वहिनी स्टुलावर बसल्या होत्या. उजवा हात मनगटापर्यंत बांधलेला. शेजारी त्यांची नणंद एका हाताने फोन धरून गिऱ्हाइकाशी बोलत, दुसऱ्या हाताने फडकं मारत होती.

“काय झालं?” सरांनी विचारलं. विचारता विचारताच त्यांना कळलं होतं.

“मेकॅनिक चार दिवस आला नाही, गिऱ्हाईक डोक्यावर बसलं. दिराचं बघून बघून थोडं लक्षात होतं. सिलिंडर उलटा धरला, पाइप निसटला आणि बर्फाहून गार गॅस सगळा बोटांवर. आधी काही कळलंच नाही, बोटं नुसती पांढरी झाली. मग फोड आले.” वहिनींनी हात जरा वर केला. “डॉक्टर म्हणाले, बोटं वाचली ते नशीब. माझीच घाई नडली, सर.”

सर खाली बसले, फ्रीजच्या रिकाम्या खोक्यावर. त्यांना स्वतःची लाज वाटली. तसं बोलायची त्यांना सवय नव्हती, पण त्या दिवशी बोलले.

“तुमची घाई नाही. गॅसचा धडा मीच मागे ढकलला. तो झाला की तुम्ही सगळे निघून जाता, म्हणून.”

नणंदेचं फडकं थांबलं.

“आधी शिकवला असता तर मी गेलेच असते, सर,” वहिनी म्हणाल्या. “खोटं कशाला बोलू? दुकान कोण बघणार?”

“गेला असतात तर गेला असतात. बोटं तरी धड राहिली असती.”

सरांनी बाह्या सरसावल्या. ते कुठेही जाताना आपली पिशवी घेऊन निघत, लग्नालासुद्धा. त्यांनी पिशवीतून गॅसचा दाब मोजायचं गेज, हातमोजे आणि चष्मा बाहेर काढला आणि वहिनींना डाव्या हाताने पाइप लावायला लावला. आधी नळीतली हवा ओढून घ्यायची, मग सिलिंडर काट्यावर ठेवून मोजून गॅस. नणंदही पुढे सरकून बघत होती. दुपारपर्यंत तो फ्रीज गार झाला. सरांचं पुटपुटणं एकदाही बंद पडलं नाही.

दुसऱ्या दिवशी वर्गात उरले होते त्या सगळ्यांना त्यांनी गॅस शिकवला. व्हायचं तेच झालं, पुढच्या आठवड्यात आणखी काही जण गळाले. सरांनी वर्गावर पाणी सोडलं आणि तरी त्यांना बरीच शांत झोप लागायला लागली. गेलेल्यांना ते एकेक करून फोन करायचे. का येत नाहीस, असं विचारायचे नाहीत. एवढंच म्हणायचे, “कुठे अडलास तर फ्रीज घेऊन ये.”

आणि अडायला कितीसा वेळ लागतो? माल पोचवणारा कुठूनतरी गॅस भरायला शिकला होता. एका संध्याकाळी तो फ्रीज टेम्पोत घालून घेऊन आला, तोंड पाडून.

“सर, तीनदा गॅस भरला. तिन्ही वेळा आठवड्यात खलास. मालकीण मला चोर म्हणते.”

सगळा वर्ग त्या फ्रीजभोवती जमला. रखवालदारसुद्धा उठून आला, ही मोठीच गोष्ट. साबणाच्या फेसाने जोड न् जोड तपासला. गळती सापडली ती दाराच्या चौकटीमागच्या नळीत, जिथे बघायचं कोणाच्या डोक्यातही आलं नव्हतं. फेसाचा बुडबुडा फुगला तसा माल पोचवणारा ओरडला, “अरे, हे आहे होय!” दुसऱ्या दिवसापासून तो पुन्हा वर्गात. बातमी पसरली. आठवड्यातली एक संध्याकाळ अडलेल्या फ्रीजची ठरली, आणि पुस्तकातला जो धडा त्या फ्रीजला लागू पडेल तोच त्या दिवशी शिकवायचा. गेलेल्यांपैकी बरेच जण असे परत आले. वहिनीही दुकानातून सवड मिळेल तसं यायच्या.

परीक्षेचं मात्र वहिनींनी आधीच सांगून टाकलं होतं. “ऐन उन्हाळ्यात परीक्षा, सर. तेव्हा मला श्वास घ्यायला फुरसत नसते. आणि सर्टिफिकेट घेऊन करू काय? गिऱ्हाईक फ्रीज गार झालाय का विचारतं, बाईकडे सर्टिफिकेट आहे का विचारत नाही.”

वर्ग बंद पडेल, तुम्ही बसा, असं म्हणणं सरांच्या जिभेवर येऊन परत गेलं. ज्या हाताला आपल्यापायी इजा झाली त्याच्याकडे आणखी काय मागायचं?

परीक्षेच्या दिवशी प्राचार्य बाई स्वतः खाली आल्या, मोजलं, पुन्हा मोजलं. निम्म्याला एक कमी.

“अजून कोणी यायचंय का, सर?”

“नाही, मॅडम.”

बाईंनी उगाचच पंखा कमी केला, पुन्हा वाढवला. थांबता येईल तेवढं थांबायचा तो त्यांचा प्रयत्न सरांना कळत होता. मग परीक्षकांनी घड्याळाकडे बघितलं आणि दार लावायला सांगितलं. रखवालदार उठला, दाराशी गेला आणि तसाच उभा राहिला.

“लावा ना दार,” परीक्षक म्हणाले.

“कसं लावू? वहिनी आल्या.”

वहिनी घामाघूम होऊन आत शिरल्या, मागे नणंद. दुकान ऐन उन्हाळ्यात बंद करून आल्या होत्या. बोटांवरची नवी कातडी गुलाबी दिसत होती. सरांना इतका आनंद झाला की ते रागावले.

“उशीर झाला! आणि सर्टिफिकेट नको होतं ना तुम्हाला?”

“मला नकोच आहे. वर्ग बंद होणार हे रखवालदार काका ऑफिसात ऐकून आले आणि बोलले. तुम्ही बोलला नाहीत.” वहिनींनी पदर खोचला आणि टेबलाजवळ जाऊन उभ्या राहिल्या. “पुढच्या वर्षी माझ्या नणंदेला इथे घालायचंय. वर्गच नसला तर तिला कोण शिकवणार, मी? पण एक सांगते, तिला गॅस पहिल्या दिवशी शिकवायचा.”

सरांचे डोळे भरून आले. सगळ्या वर्गाने ते बघितलं आणि सरांनी ते लपवलंही नाही. मग एक झटका बसून पुटपुट सुरू झाली.

“पहिल्या दिवशी नाही,” ते म्हणाले. “पहिल्या दिवशी हातमोजे आणि चष्मा. गॅस दुसऱ्या दिवशी.”