औषधाच्या सिरिंजमध्ये रक्त

भुताखेतांवर माझा विश्वास कधीच नव्हता. आजोबांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हापासून आमच्या निरवांगीच्या घरात अंगारा नाही, उतारा नाही. मी स्वतः झेडपीच्या शाळेत विज्ञान शिकवायचे. तरीही बारामतीत भर दुपारी जे पाहिलं ते सांगते... पटलं तर घ्या.

गोष्ट नव्वदच्या दशकातली. माझा धाकटा भाऊ मिलिंद वालचंदनगरला ड्राफ्ट्समन होता. त्याला जन्मापासून हिमोफिलिया – म्हणजे रक्त गोठतच नाही पटकन. गुडघा नुसता आपटला तरी आत रक्त साचून टरारून सुजायचा. पुण्याच्या डॉक्टरांनी बजावून ठेवलं होतं, दंडात किंवा कमरेत इंजेक्शन घ्यायचं नाही. औषध शिरेतून, नाहीतर तोंडाने.

त्या थंडीत घरोघरी ताप-खोकला होता. मिलिंदला धाप लागायला लागली म्हणून बारामतीच्या एका खाजगी दवाखान्यात ॲडमिट केलं. मी डॉक्टरांना सगळं नीट सांगितलं. ते ऐकतायत असं वाटलंही. पण राउंडला आले ते सिरिंज भरूनच. मिलिंदने त्यांचं मनगट धरलं.

"डॉक्टर, थांबा. कमरेत नको."

"व्हायरल आहे, ताप उतरायला नको का? मला शिकवू नका," म्हणाले, आणि हात सोडवून सुई टोचली.

संध्याकाळपर्यंत कंबर दगडासारखी झाली, मांडीपर्यंत काळीनिळी. खोकला आला की तो उशी दाताखाली धरायचा. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी घाईघाईने पुण्याला न्यायला सांगितलं. पाटसच्या पुढे गाडीतच तो गेला... माझ्या मांडीवर. डॉक्टर सगळ्यांना सांगत राहिले, न्यूमोनियाने गेला.

तक्रार केली, कुणी दाद दिली नाही. मी रडले नाही. भाजी चिरताना, फळ्यावर लिहिताना माझ्या मनात एकच चालायचं – ह्या माणसाला पुन्हा कुणाला सुई टोचता येऊ नये.

पुढच्या उन्हाळ्यात सासूबाईंना उलट्या लागल्या. मी शाळेत होते, ह्यांनी त्यांना नेमकं त्याच दवाखान्यात नेलं. मी धावत पोचले तेव्हा डॉक्टर बाटलीतून औषध ओढत होते. औषध पाण्यासारखं नितळ. पण सिरिंजमध्ये चढलं ते लाल... दाट, रक्तच. सुई अजून कुणालाच टोचलेली नव्हती!

डॉक्टरांनी ती फेकली. नवीन पाकीट फोडलं, नवीन बाटली घेतली. तेच झालं. मग नर्सने तीच बाटली घेऊन भरलं, तर औषध स्वच्छ. ती माझ्या कानाशी म्हणाली, "थंडीपास्नं असंच हाय, ताई. सरांच्या हातातच व्हतंय."

तेवढ्यात डॉक्टरांनी मला ओळखलं. बाहेर व्हरांड्यात आले, हात जोडले.

"तुमच्या भावाला सांगा, आता थांब म्हणावं."

"त्यो बी तुमाला थांबाच म्हनत हुता," मी म्हणाले.

ते खाली बाकावर बसले. खोटं कशाला बोलू, त्यांचा चेहरा पाहून मला इतकं बरं वाटलं, की सासूबाईंना घेऊन निघताना मी मुद्दाम सावकाश चालले.

दिवाळीच्या आत दवाखान्याला कुलूप लागलं. डॉक्टर कुठे गेले कुणालाच माहीत नाही. पुण्यातल्या दोन डॉक्टरांना मी विचारलं. एक म्हणाले औषध खराब असेल, दुसरे नुसते हसले. मग नर्सच्या हातात ते स्वच्छ कसं राहिलं? ते विज्ञानाच्या पुस्तकातही सापडलं नाही.

पौर्णिमेला आम्ही विहारात जातो. मनातलं वैर सोडावं असं भंतेजी सांगतात, आई हात जोडून मान हलवते. माझे हात मात्र मांडीवरच राहतात.