अंतराळात न गेलेली भाकरी

पुण्याहून सकाळी एसटीत बसलो आणि टेंभुर्णी यायच्या आत मला दोनदा खिडकीबाहेर डोकं काढावं लागलं. कंडक्टरनं हातात लिंबू ठेवत विचारलं, "साहेब, करता काय?"

"सध्या प्राध्यापक आहे. आधी अंतराळात जाऊन आलोय."

"आन् हितं गाडी लागती व्हय?"

सगळी गाडी हसली. मीही हसलो, दुसरा इलाज नव्हता.

निघालो होतो सोलापूरला, मावशींच्या खानावळीत. इंजिनिअरिंगची चार वर्षं मी तिथंच जेवलो. मागच्या महिन्यात एका विद्यार्थ्यानं त्या खानावळीच्या दारातल्या फळ्याचा फोटो दाखवला: 'अंतराळात जाऊन आलेली कडक भाकरी'. उड्डाणाआधी मावशींनी कडक भाकरी (पापडासारखी कुरकुरीत, महिनोन्महिने टिकणारी) पाठवली होती, हे खरं. पण ती वर गेलीच नव्हती. तिथं चुरा खाली पडत नाही, तरंगत डोळ्यांत आणि यंत्रांत शिरतो, म्हणून तिला जमिनीवरच अडवलं. रॉकेटमध्ये बसायचं धाडस मला झालं, मावशींना हे सांगायचं काही झालं नाही. पण वर्गात खरेपणाचे धडे द्यायचे आणि बाहेर आपल्याच नावावर थाप खपू द्यायची, हे मनाला पटेना.

मोडनिंबला चहा घेतला. तो तेवढा पोटात राहिला.

मावशींनी ताट वाढलं. शेंगाचटणी, दही आणि तीच भाकरी. मग त्या भरल्या खानावळीकडे वळून म्हणाल्या, "सांग की ह्यांना, वर कशी लागली माजी भाकरी?"

मी घास ताटात ठेवला. "मावशी, ती वर गेलीच नाही. चुऱ्यामुळं नेऊ दिली नाही."

सगळ्यांचे हात ताटात थांबले. मावशींचा चेहरा उतरला आणि मला माझ्या खरेपणाचा राग आला.

"मग टाकलीस?"

"छे! सात महिन्यांनी परत आलो, त्या दिवशी डॉक्टरांची नजर चुकवून खाल्ली. पहिला घास तिचाच. तशीच कडक होती."

मावशींनी पदरानं डोळे पुसले आणि लगेच भडकल्या. "आदी सांगायचं न्हाय व्हय? रोज देवासमोर गिऱ्हाइकांशी खोटं बोलले की तुज्यापायी!"

ओल्या फडक्यानं फळा पुसून त्यांनी माझ्या हातात खडू दिला. "प्रोफेसर हायेस न्हवं? लिही. 'अंतराळवीराची वाट बघत बसलेली कडक भाकरी.' माज्यावानी."

एवढी वर्षं फळ्यावर लिहितोय, पण त्या दिवशी अक्षर वाकडं आलं.

परतीच्या गाडीत मावशींनी बांधून दिलेली भाकरी मोडली. चुरा थेट शेजारच्या गृहस्थांच्या पँटवर पडला. ते वैतागले. मी माफी मागितली, पण चुरा असा खाली पडताना बघून मला इतकं बरं वाटलं, की दुसरीही मोडली. पुण्यापर्यंत गाडी लागली नाही.