साठीनंतर डबा झाकायचा कुणी?

चार म्हातारी माणसं आणि एक अवजड वाहन एकत्र आलं की किस्से आपोआप जमतात, त्यांना आमंत्रण लागत नाही. आमच्याकडे तर इतके साठलेत की एक सांगायला घेतला की दुसरा मागून ढुशी देतो. परवा इथे बहरीनमध्ये, माहूजला, एका लग्नाच्या जेवणात एक नवी नवरी मला म्हणाली, "खाला, या वयात तुम्ही कॅम्पिंग करता?" मी म्हटलं, "कॅम्पिंग कुणीही करील, बाय. कॅम्पिंग संपल्यावर डबा झाकून दाखव!"

डबा म्हणजे आमचा कॅरॅव्हॅन. गाडीमागे जोडून ओढायचं घर. आत पलंग, शेगडी, फ्रिज, न्हाणीघर, छपरावर एसी. लांबी म्हणाल तर आमच्या गावच्या मशिदीची ओटीही तोकडी! बहरीनमध्ये थंडी पडली की अर्धा मुलूख साखीरच्या वाळवंटात तंबू ठोकतो. आम्हीही जातो. आम्ही म्हणजे मी जैबून, आमचे हे, म्हणजे इम्रानचे अब्बा, आणि जुने दोस्त पराडकर नवरा-बायको. पराडकर पुण्याचे, इंजिनियर. नलिनी वहिनी शाळेत शिकवायच्या. आम्ही रत्नागिरीकडच्या खाडीवरचे. मी चौथीनंतर शाळेचं तोंड पाहिलं नाही. शिवणकाम, गाडी चालवणं, अरबी, यूट्यूब, सगळं माझं मी शिकले. कुणाच्या बापाकडे शिकवणी लावली नाही!

थंडी संपली की डबा हमद टाउनला, आमच्या अंगणात येतो आणि पुढच्या थंडीपर्यंत झाकून ठेवावा लागतो. न झाकाल तर उन्हाने रबर तडकतं, पत्र्याचा रंग उडतो, आणि शमाल वारा सुटला की रेती मैद्यासारखी कपाटात जाऊन बसते. खरी मर्दुमकी या झाकण्यातच आहे.

आणि एक लक्षात ठेवा. डबा कागदोपत्री आमच्या मुलाच्या, इम्रानच्या नावावर आहे. तो बँकेत आहे, राहतो अमवाजला. ही गोष्ट पुढे आम्हाला फार महागात पडणार होती.

*

पहिल्या उन्हाळ्यात आम्ही डबा कसा झाकला? कोकणात झाकतात तसा! आगोटीला, पावसाच्या तोंडावर, माझा बाप होडी ओढून वर आणायचा आणि पाण्याचा एक थेंब आत जाणार नाही अशी बांधायचा. तेच डोळ्यांसमोर. निळी ताडपत्री आणली, दोन पदरी केली, खालून गाठीवर गाठ मारली. पराडकरांनी फटींना टेप लावली. मुंगी शिरायची सोय ठेवली नाही!

आमचा घरमालक अबू युसूफ शेजारीच राहतो. भिंतीवरून डोकावून त्याने विचारलं, "उम्म इम्रान, हे कशासाठी?"

उम्म इम्रान म्हणजे मी, इम्रानची आई. मी ऐटीत सांगितलं, "पाण्यासाठी!"

तो आभाळाकडे बघत राहिला. वैशाखातलं बहरीनचं आभाळ! मग म्हणाला, "इंशाल्ला," आणि आत गेला.

थंडीत ताडपत्री सोडली. इथला उन्हाळा म्हणजे भट्टी, आणि समुद्राचा दमट वाफारा वेगळाच. तो सगळा आत कोंडलेला. गादीला हिरवी दाढी फुटलेली, पडद्यांवर ठिपके, लाकडी कपाट पावासारखं फुगलेलं. आम्ही बाहेरचा पाऊस अडवला होता, जो पडतच नाही!

पराडकर नाकाला रुमाल लावून म्हणाले, "आपा, अभिनंदन. बहरीनमधला पहिला मान्सून आपल्या डब्यात होऊन गेला."

*

तेव्हा ठरलं, कव्हर हवा खेळती ठेवणारं पाहिजे. श्वास घेणाऱ्या कापडाचं. पराडकर म्हणाले, "माप मी घेतो. हे तंत्राचं काम आहे." तीन बाजूंनी नकाशे काढले, रंगीत! कव्हर मागवलं. आलं. चढवलं. पुढून ठीक, मागून ठीक, आणि मधून वर उचललेलं, परकर घोट्याच्या वर जावा तसं.

सगळ्यांनी वर पाहिलं. छपरावर एसी बसलेला होता, आपला शांतपणे. नकाशात तो कुठेच नव्हता!

नलिनी वहिनी म्हणाल्या, "आयुष्यभर दुसऱ्यांच्या इमारती बांधल्या यांनी. देवाची कृपा, अजून उभ्या आहेत."

मी दाभण काढला. कापड जोडून एसीला चांगली घोळदार टोपी शिवली. आता मी शिवणारी अबाया, म्हणजे इथल्या बायकांचे बुरख्यासारखे झगे, तर माझ्या हाताला सवय तीच. टोपीला मी काठाने बारीक चंदेरी नक्षी लावली. का लावली? शोभते म्हणून लावली! अबू युसूफची बायको उम्म युसूफ बघायला आली, डब्याभोवती फिरली, कापड चिमटीत धरून पाहिलं आणि म्हणाली, "असाच एक माझ्यासाठी शीव. साइझ थोडा कमी."

*

हा किस्सा खरं तर सांगायचा नाही असं पराडकरांनी मला बजावलंय. म्हणून सांगते.

एका वर्षी डबा उघडला आणि वासाने आम्ही चौघं मागे सरलो. मेलेलं काहीतरी! सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे. कारण आम्ही मासेखाऊ, आणि पराडकर शुद्ध शाकाहारी. नलिनी वहिनी सौम्य आवाजात म्हणाल्या, "जैबूनताई, सुकी मासळी एखादे वेळी राहून जाते हो. चालायचंच."

माझा भडका उडाला. "माझ्या हातून? मी कपाटं पुसून, फ्रिजचं दार उघडं ठेवून, गॅसचा बाटला काढून जाते! कुराणावर हात ठेवते!"

यांनी सरळ शोधायला सुरुवात केली. हे बोलतात कमी. पलंगाखालून एक पुडकं निघालं. सुके बोंबील! पलंग कुणाचा? पराडकरांचा!

पराडकर रेतीकडे बघत उभे. यांनी पुडकं खिशात घातलं आणि वहिनींना म्हणाले, "उंदीर होता, भाभी. मोठा. पुण्याकडचा वाटला."

*

आता मूळ भांडण.

मागच्या वसंतात हे शिडी लावून डब्याच्या छपरावर गेले, कव्हर सरकवायला. मी खालून ओरडतेय, "उतरा, वारा सुटलाय!" हे म्हणतात, "झालं, झालं." तेवढ्यात शमालने कव्हरात तोंड घातलं. कव्हर फुगलं शिडासारखं! खलाशाचा मुलगा तो, शीड सोडतोय कसला? धरूनच राहिला. शीड गेलं मागे, मागोमाग हे. नशिबाने खाली गाद्या वाळत घातल्या होत्या. मनगट मोडलं, बाकी सलामत.

हॉस्पिटलमध्ये इम्रान आला तो लालबुंद होऊन. आल्याआल्या इंग्रजीत सुरू झाला, मग माझा चेहरा बघून मराठीत आला. "अम्मी, इनफ! साठीच्या वरच्या कुणीही ज्या दिवशी शिडीवर पाय ठेवला, त्या दिवशी डबा विकला. खलास. माझ्या नावावर आहे, मी विकणार."

मी म्हटलं, "तू माझ्या पोटचा, म्हणजे तूही माझ्याच नावावर. तुला विकला का कधी?"

तो हसला नाही. बँकेतली माणसं हसत नाहीत. पण मी बघितलं, तो बापाच्या प्लास्टरवर सारखा हात फिरवत होता. मग मीही गप्प बसले. माझं गप्प बसणं दुर्मीळ असतं, त्याची नोंद घ्यावी.

हे उशीला टेकून छताकडे बघत होते. वर्षभर दुकानाच्या गल्ल्यावर बसणारा हा माणूस फक्त वाळवंटात मोकळा हसतो. डबा गेला तर ते हसू कुठे जाणार, याचं उत्तर बँकेत मिळत नाही.

*

म्हणजे प्रश्न असा उरला की शिडीशिवाय, जमिनीवर उभं राहून, एवढ्या उंच डब्यावर कव्हर न्यायचं कसं?

पराडकर म्हणाले, "दोरी. आधी दोरी पलीकडे जायला हवी. मग दोरी कव्हरला ओढील."

"आणि दोरी कोण नेणार? फरिश्ता?" यांनी विचारलं.

मी म्हटलं, नारळ! नारळाला दोरी बांधून फेकायचा. आमच्याकडे बंदरावर दोर असाच फेकतात, जड गाठ मारून. फेकणार कोण? माझा खांदा दुखरा, यांचं मनगट प्लास्टरमधून नुकतं सुटलेलं, पराडकरांचा नेम नकाशापुरता. तेव्हा नलिनी वहिनी पुढे आल्या. साडीचा पदर खोचला, चष्मा नवऱ्याच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "कॉलेजात गोळाफेक करायचे मी."

लग्नाला इतकी वर्षं झाली, पराडकरांना हे ठाऊक नव्हतं!

बाईंनी एक गिरकी घेतली आणि नारळ सोडला. डब्यावरून गेला. भिंतीवरूनही गेला! दोरी सळसळत मागे. पलीकडे अबू युसूफच्या अंगणात धप्प आवाज, मग शांतता. त्याच्याकडे त्या दिवशी पाहुणे बसलेले.

थोड्या वेळाने फाटक वाजलं. अबू युसूफ हातात नारळ घेऊन, मागे पांढऱ्या थोबातले, पायघोळ अरबी अंगरख्यातले, चार-पाच गृहस्थ. अबू युसूफने दोरी ओढून पाहिली, ती आमच्याकडून येत होती, खात्री झाली. मग म्हणाला, "उम्म इम्रान, तुमच्या लोकांत दावत द्यायची ही पद्धत असेल तर आम्ही आलो!"

काय करता! सगळ्यांना बसवलं, खोबऱ्याच्या वड्या केल्या. जाताना त्यातले एक आजोबा वहिनींना आदराने म्हणाले, "पुढच्या वेळी खजूर फेका. तो मऊ असतो."

त्या दिवसापासून नारळाऐवजी मोज्यात रेती भरतो. मऊ, जड, आणि कुणाचं डोकं फुटत नाही. तुमच्याकडे कॅरॅव्हॅन असेल तर हे लिहून घ्या, फुकट सांगतेय!

*

आणि हा या वसंतातला.

इम्रान परीक्षा घ्यायला आला होता. काळा चष्मा, हातात कॉफी, शिडीच्या अगदी बाजूला उभा, पोलिसासारखा. मी आधीच सगळं मांडून ठेवलं होतं. चाकांखाली फळ्या, चाकांना अडसर, टोकदार कोपऱ्यांना जुन्या टॉवेलची बांधणी म्हणजे कापड फाटणार नाही. कव्हर गालिच्यासारखं गुंडाळून डब्याच्या पुढच्या तोंडाशी. सकाळ शांत, पानही हलत नव्हतं. वारा असेल तर हात लावायचा नाही, हा आता आमचा कायदा.

वहिनींनी कव्हरच्या दोन दोऱ्या बांधलेला मोजा फेकला. सुर्रकन पलीकडे! डाव्या दोरीवर मी आणि वहिनी, उजवीवर पराडकर. उजवीवर हेही असायचे, पण आतला दमटपणा धरायला कोळशाच्या वाट्या मांडायला गेले होते, म्हणून अबू युसूफ थोब वर खोचून भिंतीला वळसा घालून आला आणि दोरीला लागला.

"यल्ला! ओढा!" मी ओरडले.

आणि काय सांगू! कव्हर उलगडत गेलं, छपरावरून सरसरत, एसीची टोपी बरोबर एसीवर, चंदेरी नक्षी उन्हात चमकली! लांब बांबूच्या आकड्याने मी एक कोपरा खाली ओढला, वहिनींनी दुसरा. पट्टे खालून आवळले. कुणाचाही पाय जमिनीपासून वीतभरही उचलला गेला नाही. पराडकर टाळ्या वाजवत होते, अबू युसूफ "माशाल्ला, माशाल्ला" करत होता, आणि मी कमरेवर हात ठेवून माझ्या पोराकडे वळले.

"बोल आता!"

इम्रानने चष्मा काढला. "ओके अम्मी. मानलं. नो लॅडर." मग कॉफीच्या कपाकडे बघत म्हणाला, "पण पुढच्या वर्षी? त्याच्या पुढच्या वर्षी? तुम्ही काय लहान होत जाणार आहात? रिफाला एक माणूस आहे. चांगला आहे. संध्याकाळी डबा बघायला येतोय. मी हो म्हटलंय."

वहिनींच्या हातातला मोजा तसाच लोंबत राहिला.

मी म्हटलं, "मला विचारलंस?"

"अब्बांना विचारलं होतं. ते काही म्हणाले नाहीत."

"ते कधी काय म्हणतात! बोलव त्यांना. माझ्यासमोर विचार."

इम्रानने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. घरात हाक मारली. पराडकरांनी फाटकाबाहेर डोकावलं. अबू युसूफने हातातल्या दोरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि हळूच दोरी खाली ठेवली.

तेव्हा कव्हराच्या आतून कुणीतरी पत्रा ठोठावला. टक, टक.

"जैबून," यांचा आवाज आला, अगदी निवांत. "हवा मस्त खेळतेय गो. झकास शिवलंयस."

"अब्बा!" इम्रान किंचाळला. कॉफी रेतीत गेली, आणि तो गुडघ्यांवर बसून पट्ट्यांच्या गाठी ओढायला लागला. मी मारलेल्या गाठी त्या, त्याच्या बापजन्मी सुटायच्या नाहीत. "अब्बा, घाबरू नका, एक मिनिट, मी काढतो तुम्हाला!"

"घाई नाही, बाळा," हे आतून म्हणाले. "आधी त्या रिफावाल्याला फोन लाव."