पिनांगच्या ट्रंकेतला दगड

आधीच सांगते — भूत, करणी, बाहेरची बाधा, यातलं काही म्हणजे काही मी मानत नाही. घरातली पहिली ग्रॅज्युएट आहे मी, बी.एस्सी. जिऑलॉजी, आणि त्याचा मला अभिमान आहे. आम्ही तमिळनाडूतल्या कुंभकोणमचे मराठी. आमची घरची बोली तुम्हाला जुनाट वाटेल, म्हणून पुस्तकी मराठीत लिहितेय. चुकलं तर सांभाळून घ्या.

अप्पांचं, म्हणजे वडिलांचं, सलून होतं. हात थरथरायला लागल्यावर बंद केलं. आता त्यांची दाढी मी करते, त्यांच्याच वस्तऱ्याने. शिवाय शौकीन लोक कुरियरने वस्तरे पाठवतात, त्यांना धार लावून देणं हे माझं काम. त्यामुळे धारेचे दगड मला कळतात.

जवळच्या स्वामीमलै गावात मूर्ती ओतणाऱ्या एका ओळखीच्याने मलायातल्या पिनांगहून आलेली घरची जुनी ट्रंक उघडली, तेव्हा मी तिथे होते. तळाशी विटेएवढा दगड. जपानी... आणि खाणीतला! कारखान्यातला दगड आरपार एकसारखा असतो. याच्या कडेला पानापानासारखे थर होते, पाठीवर छिन्नीचे ओरखडे. पाणी टाकलं तर आत मुरेना, वरच थांबलं. नख फिरवलं तर काचेवरून सरकल्यासारखं.

"कुणाचा हा?" मी विचारलं.

"आजोबांच्या भावाचा. तिकडे दाढ्या करायचा."

"सलून होतं?"

"छे! हॉस्पिटलच्या मुडदेघरात होता. माझी गिऱ्हाइकं कधी तक्रार करत नाहीत म्हणायचा." तो हसला. मीही हसले.

दगड त्याने मलाच देऊन टाकला. रविवारी सकाळी त्यावर अप्पांचा वस्तरा धारेला घेतला. आधी छोट्या दगडाने घासून दुधासारखा गाळ काढला. पातं फिरवत गेले तसा गाळ काळा होत गेला — म्हणजे पोलाद झिजतंय. शेवटी पातं दगडाला चिकटायला लागलं. धार आल्याची खूणच ती. पण हे जरा जास्तच चिकटत होतं... उचलताना जोर लावावा लागला.

अप्पा ओट्यावर खुर्चीत बसले होते.

"कालेजात हेच शिकवलं वाटतं? सावकाश ग, बकरी नव्हे मी."

"गप्प बसा हो अप्पा, साबण तोंडात जाईल."

गाल झाले. इतका हलका वस्तरा मी कधी चालवला नव्हता. मग गळा. तिथे आमचा एक नियम आहे, अप्पांनीच शिकवलेला — माणूस आवंढा गिळतो तेव्हा हात उचलायचा. डाव्या हाताने कातडी ताणलेली असते, त्या बोटांना गिळणं आधी कळतं. विचार करावा लागत नाही.

अप्पांनी आवंढा गिळला. मला दिसलं, कंठ वर गेला. पण माझ्या बोटांखाली काहीच हललं नाही. कातडी गार... अगदी शांत. आणि उजवा हात चालतच राहिला. घाई नाही, झटका नाही — रोजचं काम उरकावं तसा. मी तो उचलत होते. उचलत होते हो! तो उचलला जात नव्हता.

"पोदुम्! पोदुम् ग, पुरे!"

अप्पांनी दोन्ही हातांनी माझं मनगट धरलं, तेव्हा वस्तरा सुटला. गळ्यावर रक्ताची बारीक रेघ. अप्पांनी तिच्यावर टॉवेल दाबला. मग हळूच म्हणाले, "थांबली का नाहीस? मी जिता आहे ग."

डॉक्टरांनी माझा हात तपासला. काही दोष नाही. तोच वस्तरा घरच्या जुन्या दगडावर घेतला, तर हात प्रत्येक आवंढ्याला बरोबर थांबतो. तरी गळ्यापाशी आलं की अप्पा माझं मनगट धरून ठेवतात. मीही सोडा म्हणत नाही.

जपानी दगड पोत्यात गुंडाळून माळ्यावर ठेवलाय. विकत घ्यायला लोक तयार आहेत, पण तो कुणाच्या गळ्यापर्यंत पोहोचेल कुणास ठाऊक.

माळ्यावर टाकण्याआधी त्यावर पुन्हा धार लावून वस्तरा माझ्या दंडावर चालवून पाहिला होता — काही झालं नाही. मग दोष दगडाचा की माझा? एकदा घडलं त्यावरून निष्कर्ष काढू नये, प्रयोग पुन्हा करून पाहावा, असं आम्हाला कॉलेजात शिकवलंय. बरोबरच आहे ते. पण हा प्रयोग मी पुन्हा करणार नाही. अप्पा मला एकच आहेत.