आधीचा फोटो नंतर काढला

"हिचे केस सोड. आणि चुलीतली थोडी राख आण."

हे बाईसाहेब माझ्या आईला म्हणाल्या. माझ्या डोक्यावरून हात फिरवता फिरवता म्हणाल्या, आणि मग तो हात रुमालाला पुसला.

नऊ वर्षांची होते मी. पाहुणे येणार म्हणून आईनं सकाळीच माझ्या डोक्यावर एवढं तेल थापलं होतं की त्यात आमच्या अख्ख्या वाड्याची कालवणं फोडणीला पडली असती. दोन लाल रिबिनी. नाताळचा पिवळा फ्रॉक. बाईसाहेब कोल्हापुरातनं परदेशी पाहुण्यांना घेऊन आल्या होत्या. त्यांचे मालक आमच्या चर्चच्या कमिटीचे मोठे साहेब, आणि मोठ्या साहेबांच्या मोठ्या साहेब या. अंगाला सेंट असा की कृष्णेपलीकडच्या म्हशींनी त्या दिवशी दूध दिलं नाही. असं मी अजून सांगते. कुणी शपथ घालू नये.

चर्चसमोर मला उभं केलं. हातात पुस्तक दिलं. फोटो निघाला. मी उड्या मारत पोरींना सांगायला पळाले, तर मागनं हाक आली. आणखी एक फोटो पाहिजे. आधीचा.

आधीचा म्हणजे काय, ते मला राख आल्यावर कळलं.

रिबिनी सोडल्या. फ्रॉक उतरवला. तिथंच, अंगणात, सगळ्यांच्या समोर. वडलांचं फाटकं बनियन आईनं चूल पुसायला ठेवलं होतं, ते माझ्या अंगात घातलं. गालाला राख फासली. मला हसू आलं. सोंग वाटलं. बाईसाहेब म्हणाल्या हसायचं नाही. तरी हसले. मग त्यांनी माझा गाल धरून पिळला, हळू नाही. डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात फोटोवाल्यानं खटका दाबला.

आई बाजूला उभी होती. मुठीत माझ्या रिबिनी. राख तिनंच आणली होती. तिच्याच चुलीतली.

पुढं ते दोन फोटो शेजारी शेजारी छापून आले. एकाखाली 'पूर्वी', दुसऱ्याखाली 'आता'. दोन्हींत दहा मिनिटांचं अंतर. आणि तेही उलटं.

आई नाही का म्हणाली नाही, हे मला पुष्कळ जण विचारतात. विचारणाऱ्यांची घरं स्वतःच्या जागेवर असतात. आमचं घर चर्चच्या जागेवर. माझी फी कमिटीची. आज्याच्या काळात आम्ही ख्रिस्ती झालो, पण गावानं काही आम्हाला वर घेतलं नाही. शेतावर पाणी मागितलं तर वरूनच ओतायचे. गावात आम्ही खालचे आणि चर्चच्या कागदात आम्ही गरजू. तिसरी जागा कुठं होती?

माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, ते गवंडी. आमचं चर्च त्यांच्या हातचं. चार भिंती, वर कौलं, दारात घंटा म्हणून टांगलेला रुळाचा तुकडा. भिंती इतक्या सरळ की पाल चढताना दोनदा विचार करायची. आणि माणूस असा की पानात चुना जास्त झाला तर डोळे लाल व्हायचे. आयुष्यात तेवढीच नशा. दारूला शिवले नाहीत. दारूच्या गुत्त्यावरून जायला नको म्हणून कामावर जाताना वाकडी वाट करायचे.

मी बारा वर्षांची झाले तेव्हा चर्चचे धर्मगुरू, आमचे पाळकसाहेब, यांनी मला बोलावलं. पाळकसाहेब वाईट माणूस नव्हते. घाबरट होते. त्यांचं म्हणणं, पाहुणे फोटो बघतात आणि विचारतात, ही पोर अशी का होती? काहीतरी कारण सांगायला पाहिजे. मी म्हटलं, आम्हाला रान नाही. दुसऱ्याच्या रानात आईला बाप्यांच्या निम्मी मजुरी देतात. त्यांनी मान हलवली. हे कारण बाईसाहेबांना चालणार नव्हतं. हे ऐकून कुणी डोळे पुसत नाही. उलट पाहुणा विचारतो, कोण देतं निम्मी मजुरी? मग अवघड होतं.

दारू चालते. दारूत कुणाचं काही जात नाही. ज्याचं जातं तो मागं सतरंजीवर बसलेला असतो.

अशी माझी साक्ष सुरू झाली. साक्ष म्हणजे उपासनेत सगळ्यांसमोर उभं राहून सांगायचं, प्रभूनं माझ्यासाठी काय केलं. पहिल्या वर्षी आबा नुसते प्याले. मला रंगवून सांगायची हौस जन्माची, आणि समोर गोरी माणसं रुमाल काढून बसलेली. दुसऱ्या वर्षी आबांनी आईला मारलं. तिसऱ्या वर्षी तिचं डोरलं विकलं. चौथ्या वर्षी दारूच्या भरात बायबल विहिरीत टाकलं, आणि ते कोरडंच्या कोरडं वर आलं. त्या दिवशी टाळ्या अशा पडल्या की कौलांवरची कबुतरं उडाली ती चार दिवस परत आली नाहीत. बाईसाहेबांनी मला पोटाशी धरलं. मला बरं वाटलं. ते पण लिहिते. बरं वाटलं.

मी साक्षीला उठले की आबा उठून बाहेर जायचे. पाहुण्यांच्या चपला-बुटांजवळ बसायचे. मला वाटायचं, तंबाखू मळायला जातात.

मग मला सगळीकडं न्यायला लागले. हंगामाच्या सणाला, बायकांच्या सभेला. एका नाताळात तर कळंब्याच्या जेलात नेलं. पाचशे कैदी रडले. बरं, पन्नास. नंतर एकजण जवळ आला. खुनाच्या गुन्ह्यातला होता म्हणे. हात जोडून म्हणाला, "ताई, तुमच्या बापापेक्षा मी बरा." गाडीत सगळे पोट धरून हसले. मी सगळ्यात मोठ्यानं.

बारावी झाल्यावर चर्चच्याच बालवाडीवर मला घेतलं. धाकटी बहीण चर्चच्या होस्टेलमध्ये गेली. पाय दोन्हीकडनं बांधला गेला. आणि एका वर्षी कमिटीनं ठरवलं, हिची साक्ष छापायची आणि आसपासच्या गावांत वाटायची. तोवर माझी गोष्ट बाहेरच्यांना सांगितली जायची. आता ती आमच्याच मुलखात फिरणार होती. हे माझ्या लक्षात यायला पाहिजे होतं. आलं नाही. आपलं लिहिलेलं छापून येणार, या आनंदात मी होते. मीच लिहिलं. विहिरीसकट. वर ते दोन फोटो.

जीपवर भोंगा लावून आम्ही गावोगाव गेलो. दारोदार मीच पत्रकं दिली. घ्या काका. वाचा मावशी.

आठवडा झाला असेल. शेजारच्या गावात आबा एका बागायतदाराच्या माडीचं काम करत होते. आई त्यांच्या हाताखाली विटा द्यायची. त्या दिवशी दोघं भर दुपारी घरी आले. आबा हात धुवायला मागं गेले. आई दारातच बसली आणि तिनं सांगितलं.

मालकाच्या हातात माझं पत्रक होतं. पोरसवदा मालक. आबांच्या निम्म्या वयाचा. पहिल्या दिवशी सकाळी सगळ्या बिगाऱ्यांसमोर म्हणाला, "गवंडी, तोंड उघड. वास घिऊ दे." आबांनी तोंड उघडलं. त्यानं वाकून हुंगलं. दुसऱ्या दिवशी परत. तिसऱ्या दिवशी दोस्तांना बोलावलं बघायला. तिघांनी हुंगलं. मग म्हणाला, वास न्हाई, पण माडीचं काम हाय, दारुड्याच्या हातात ओळंबा नको. तू विटा उचल, भिंत दुसरा बांधंल.

तीन दिवस. आबांनी तीन दिवस तोंड उघडलं आणि घरी येऊन दोघांनीही मला सांगितलं नाही.

मी मागं गेले. आबा नखातलं सिमेंट काडीनं काढत होते. म्हटलं, "आबा, खोटं हाय म्हणून सांगायचं की त्याला."

"सांगिटलं की. त्यो म्हणला, पोटच्या पोरीनं ल्हिलंय. पोटची पोर कशाला खोटं ल्हील?"

आबांची काडी चालूच.

"चांगलं ल्हितीस, बाय. वाचल्यावर मलाच वाटलं, मी प्यालतो का काय."

रागानं म्हणाले असते तर मी रडले असते, पाया पडले असते, मोकळी झाले असते. ते खरंच कौतुकानं म्हणाले. आपली पोर शिकली, याचं कौतुक. मला तिथनं हलता येईना. एवढी वर्षं ते चपलांजवळ का जाऊन बसत होते, ते मला त्या दुपारी कळलं. दार उघडंच असायचं. माझा आवाज तर वेशीपर्यंत जातो.

रविवारी संडे स्कूलमध्ये पोरं दहा आज्ञा म्हणत होती. आईबापाचा मान राखायची आज्ञा आली. मी शिकवलेली. पोरं ओरडून म्हणाली. मला पुढची आज्ञा आठवेना.

पाळकसाहेबांकडं गेले. पत्रकं परत घ्या म्हटलं. ते म्हणाले, पंधरा दिवसांनी पाहुणे येणार आहेत, होस्टेलची यादी तेव्हाच ठरते, तुझी बहीण नववीत आहे. एकदाच सांग. मग बघू. हे 'एकदाच' मी बारा वर्षांची असल्यापासून ऐकत होते.

पाहुणे आले. पेटी-ढोलकी झाली, गाणी झाली. पाळकसाहेबांनी माझं नाव घेतलं. मी उठले. आबाही उठले, दाराकडं निघाले.

"आबा, बसा," मी म्हटलं.

अख्खी मंडळी वळली. आबा दारात थांबले. बसले नाहीत, पण गेलेही नाहीत.

मग मी सांगितलं. रंग न लावता, पहिल्यांदाच. "हा माझा बाप. यानं हे चर्च बांधलं. यानं दारूचा थेंब घेतलेला नाही. कधीच. ती गोष्ट मी रचली. फोटोही खोटा आहे. राख फासून काढलाय."

माझ्या शेजारी बाईसाहेब उभ्या. पाहुण्यांसाठी इंग्रजी त्याच करायच्या. पापणी लवली नाही त्यांची. गोड आवाजात त्यांनी इंग्रजीत सांगितलं की हिच्या बापानं आपलं आयुष्य पुन्हा बांधलं, आणि आता तो दारूचा थेंबही घेत नाही.

पाहुणे हालेलुया म्हणाले. टाळ्या पडल्या. एक उंच म्हातारा पाहुणा डोळे पुसत उठला, दारापर्यंत गेला आणि त्यानं आबांना मिठी मारली. आबा खांबासारखे उभे. हात खाली.

मी मंडळीकडं बघितलं. सगळ्यांना मराठी येत होतं. सगळ्यांनी मी काय बोलले ते ऐकलं होतं. माझी मावशी, माझे चुलते, शेजारी. सगळे सतरंजीची नक्षी बघत बसले. मी कुणाला दोष देऊ? एकेकाचं पोर यादीत होतं. मला त्या क्षणी असं वाटलं की मी खरं बोलले काय, खोटं बोलले काय, या चार भिंतींतनं बाहेर एकच गोष्ट जाणार. त्यांनी लिहिलेली.

मग मी इंग्रजीत बोलले. त्यांच्याच फीवर शिकलेलं, मोडकं.

"नो. माय फादर नेव्हर ड्रिंक. नेव्हर. आय मेक स्टोरी. मॅडम टेलिंग राँग."

म्हाताऱ्याचा हात आबांच्या खांद्यावरून खाली आला. तो बाईसाहेबांकडं बघायला लागला. बाईसाहेब हसतच होत्या. हसत हसत मला मराठीत म्हणाल्या, "बहिणीचा विचार कर."

"तोच केला," मी म्हटलं. "पुढच्या वर्षी तिला राख फासली असती."

दुसऱ्या दिवशी बालवाडीची किल्ली काढून घेतली. महिन्याभरात बहीण पत्र्याची ट्रंक घेऊन घरी आली. ती माझ्याशी बोलत नाही. घर रिकामं करा म्हणून पाळकसाहेबांकरवी दोनदा निरोप आला. आईनं त्यांना चहा दिला आणि सांगितलं, न्हाय करत. आम्ही अजून तिथंच आहोत. अजून दर रविवारी चर्चला जातो. आता आबा पुढं बसतात, आणि त्यांच्या शेजारी कुणी बसत नाही.

मी त्या बागायतदाराच्या दारात गेले. सगळं सांगितलं. तो हसला. म्हणाला, "बापाची लाज झाकाय आलीस व्हय? चांगली पोर हाईस. असंच पायजे." त्याच्या लेखी मी खरं सांगत नव्हते, बापासाठी खोटं बोलायचं पुण्य करत होते. आबांना काम दिलं नाही. मी असं रंगवून सांगितलं होतं की आता माझंच खरं माझ्या खोट्यापुढं टिकत नाही.

ठीक आहे. टिकत नसेल तर रोज सांगीन. जिथं जिथं पत्रक दिलं, त्या प्रत्येक दारात मी जाते आहे. रंग नाही, विहीर नाही, रडणं नाही. दोनच वाक्यं सांगते. माझा बाप दारू पीत नाही. आम्ही गरीब आहोत, कारण तुमच्या रानात राबवून तुम्ही आम्हाला निम्मी मजुरी दिली.

पहिलं वाक्य ऐकून घेतात. दुसऱ्याला दार लावतात. मी दाराबाहेर उभी राहून ते पुन्हा म्हणते, आतल्या शेवटच्या खोलीत ऐकू जाईल एवढ्या आवाजात. मग पुढच्या दारात जाते.